वर, खालीं, आंत, बाहेर : इंग्रजी जोडक्रियापदें आणि मराठी विद्यार्थी

परकी भाषा शिकणाऱ्यास तिच्यांतील मोठे शब्द फारसा त्रास देत नाहींत. त्रास देतात ते लहान शब्द. मोठा शब्द कोशांत सांपडतो, आणि त्याचा अर्थ एकदां पाठ झाला कीं तो बहुधा इमानानें सोबत करतो. पण इंग्रजींतील ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे चिमुकले शब्द घ्या. वर, खालीं, आंत, बाहेर हे त्यांचे अर्थ मूल पहिल्या वर्षींच शिकतें. आणि पुढें आठ-दहा वर्षें इंग्रजी शिकूनहि तेंच मूल, तेच शब्द एखाद्या ओळखीच्या क्रियापदामागें उभे राहिलेले पाहून थबकतें. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून देणें’ कसें? ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘आउट’ म्हणजे बाहेर. मग ‘पुट आउट द लॅम्प’ हें वाक्य वाचून दिवा अंगणांत नेऊन ठेवणारा विद्यार्थी मंदबुद्धि म्हणावा, कीं शब्दापुढें शब्द मांडून अर्थ पाठ करावयास लावणारी पद्धतिच सदोष म्हणावी?

हा प्रश्न वरवर पाहतां व्याकरणाचा वाटेल. परंतु त्याच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत खेडोपाडींच्या असंख्य मुलांचें भवितव्य गुंतलेलें आहे.

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडीचेंच उदाहरण घ्यावें. हें तालुक्याचें गांव. तालुक्यांतून वाहणारी वैनगंगा, सभोंवार भाताच्या बांध्या आणि बोड्या, मोहाडी-आंधळगांवच्या बाजूस कोशाचें कापड विणण्याची परंपरा, आणि लोकांच्या तोंडीं झाडीबोली. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोंसले निपुत्रिक वारले. त्या निमित्तानें डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें आणि हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्या प्रांतांत मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा नांदत होत्या. पण वरच्या कचेरीची, वरच्या न्यायालयाची आणि वरच्या परीक्षेची भाषा इंग्रजी ठरली. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें. तोंपर्यंत या भागांतील विद्यार्थी आधीं कलकत्ता आणि पुढें अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांस बसत. वैनगंगेच्या कांठचा मुलगा गंगेच्या कांठीं काढलेल्या प्रश्नपत्रिकेचें उत्तर, टेम्सच्या कांठच्या भाषेंत लिही! त्या उताऱ्यांत ‘पुट अप विथ’ किंवा ‘टेक इन’ असा एखादा प्रयोग आला आणि त्याचा अर्थ चुकला, तर संबंध परिच्छेद उलटा समजला जाई. माग आणि नांगर हीं कमी प्रतीचीं साधनें नव्हेत. पण मागाकडे स्वेच्छेनें वळणें वेगळें आणि इंग्रजींत नापास झाल्यामुळें वळावें लागणें वेगळें. चार शब्दांच्या अज्ञानानें माणसाची निवड हिरावली जावी, यांतच या विषयाचें गांभीर्य आहे.

आतां या जोडक्रियापदांचें कूळ पाहूं. इंग्रजींत तीं आलीं कोठून?

प्राचीन इंग्रजी भाषेंत हे स्थलवाचक शब्द पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं, त्याला चिकटून येत असत. ‘बाहेर जाणें’ याला त्या काळचा इंग्रज ‘बाहेर’ हा शब्द पुढें लावून एकच क्रियापद करी. जर्मन भाषेंत ही रीत अजून जिवंत आहे. मात्र तेथें वाक्यरचनेप्रमाणें हा जोडलेला शब्द सुटून वाक्याच्या अखेरीस जाऊन बसतो. इंग्रजींत काळाच्या ओघांत हे शब्द क्रियापदाच्या मागें सरकले. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेचा या बदलास हातभार लागला असावा, असें अनेक पंडित मानतात. बाराव्या शतकांतील पीटरबरोच्या बखरींत ‘गिव्ह अप’ या धाटणीचीं क्रियापदें दिसूं लागतात. जुन्या रीतीचे अवशेष मात्र भाषेंत राहिले. ‘अपहोल्ड’ आणि ‘होल्ड अप’ हे दोन्ही शब्द आज नांदतात. घटक तेच, पण पहिल्याचा अर्थ उचलून धरणें, आणि दुसऱ्याचा अडवून ठेवणें किंवा वाटेंत गांठून लुटणें. ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागून येऊन पुढें जाणें, तर ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार हातीं घेणें. एकाच घरांतील दोन भाऊ, पण एकाचा दुसऱ्याशीं व्यवहार नाहीं.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, तेव्हां दरबारीं फ्रेंच भाषा आली; विद्वानांची लॅटिन आधींपासून होतीच. या दोन वाटांनीं ‘सरेंडर’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’ असे भारदस्त शब्द पुढील शतकांत इंग्रजींत शिरले. दरबारांत, न्यायालयांत आणि ग्रंथांत त्यांची प्रतिष्ठा झाली. परंतु चुलीपाशीं, शेतांत आणि बाजारांत ‘गिव्ह अप’, ‘पुट आउट’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ हींच बोलणीं राहिलीं. परिणामीं इंग्रजीला दोन पोशाख मिळाले. एक कचेरींत जाण्याचा आणि दुसरा घरीं वावरण्याचा. मराठी विद्यार्थ्याला शाळेनें पहिलाच पोशाख दिला. म्हणून ‘एक्स्टिंग्विश’ हा कठीण शब्द त्याला सोपा वाटतो आणि ‘पुट आउट’ हें पोराबाळांचें बोलणें अवघड वाटतें. आपल्याकडील सुशिक्षितांच्या इंग्रजीला जो एक पुस्तकी ताठरपणा येत असे, त्याचें एक कारण हेंच होय.

या प्रयोगांची अडचण इंग्रज पंडितांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. १७५५ सालीं सॅम्युएल जॉन्सन यानें आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रकाशित केला. त्याच्या प्रस्तावनेंत, क्रियापदामागें लहान शब्द जोडून अर्थ पालटण्याचा हा प्रकार परकीयांस सर्वांत अधिक अडचणीचा आहे, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आणि असे प्रयोग आपण काळजीपूर्वक नोंदले असल्याचें सांगितलें. परंतु या प्रकाराला सर्वमान्य नांव मिळण्यास आणखी पावणेदोनशें वर्षें लागलीं. १९२५ सालीं लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या ग्रंथांत ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव आलें. तें ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें. ज्या वस्तूला नांव नाहीं ती शिकविणार कशी? मुंबई व कलकत्ता विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं. म्हणजे त्यांच्या आरंभीच्या परीक्षांस बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या निनावी शत्रूशींच झुंजत होत्या.

हा झाला इंग्रजीकडील इतिहास. मराठीकडील इतिहासहि तितकाच उद्बोधक आहे. इंग्रजांना मराठी शिकावयाची होती, तेव्हां तोच प्रश्न त्यांच्यापुढें उलट दिशेनें उभा राहिला. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापला. त्यांना या कामीं विदर्भाकडील पंडित वैजनाथशास्त्री यांचें साहाय्य होतें. पुढें जेम्स मोल्सवर्थ यांनीं मराठी पंडितांच्या मदतीनें मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८३१ सालच्या पहिल्या आवृत्तींत सुमारें चाळीस हजार शब्द होते. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत ते साठ हजारांच्या घरांत गेले. इंग्रजी-मराठी कोशाचें काम मोल्सवर्थ यांच्या प्रकृतीमुळें थांबलें, तें थॉमस कँडी यांनीं पुरें करून १८४७ सालीं प्रसिद्ध केलें. मोल्सवर्थच्या कोशांतील एक गोष्ट आजच्या शिक्षकानेंहि लक्षांत घ्यावी अशी आहे. ‘लागणें’ यासारख्या साध्या क्रियापदाखालीं त्यानें अर्थांच्या रांगाच्या रांगा दिल्या, आणि शब्दाचा मूळ अर्थ व लाक्षणिक अर्थ यांतील भेद ठिकठिकाणीं खूण करून दाखविला. म्हणजे मराठी शिकणाऱ्या साहेबाला ही सोय १८३१ सालींच मिळाली.

आणि त्या साहेबाला ती सोय हवीच होती. वाण्यानें ‘दुकान वाढविलें’ असें सांगितलें, तर परकी माणूस व्यापाराची भरभराट झाली असें समजेल; प्रत्यक्षांत वाण्यानें दारें लावलेलीं असतात. बांगडी ‘वाढली’ म्हणजे फुटली. पाहुणा ‘येतों’ म्हणतो आणि निघून जातो. एखादा वरिष्ठ आपल्या कारकुनाचे दोष ‘चालवून घेतो’ म्हणजे त्याला कोठें चालवीत नेत नाहीं, तर त्याचे दोष सोसतो. ‘पुट अप विथ’ याहून हें अवघड नाहीं काय? मराठी माणसाला तें अवघड वाटत नाहीं, एवढाच फरक. कारण तो हे प्रयोग पाठ करून शिकला नाहीं, प्रसंगांतून शिकला.

मराठी व्याकरणकारांनींहि या विषयाकडे दुर्लक्ष केलें नाहीं. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघालें; त्यांत संयुक्त क्रियापदांचा प्रश्न विस्तारानें चर्चिला आहे. ‘करून टाकलें’, ‘बोलून बसला’, ‘देऊन टाकलें’ या प्रयोगांत दुसरें क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्यास निराळी छटा देतें. येथें कोणी कांहीं फेंकीत नाहीं आणि कोणी खालीं बसत नाहीं. पुढें यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनीं ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत, १९४२ व १९४७ सालीं, प्रसिद्ध केला. म्हणजे मराठीचें भांडार मोजून, निवडून, मांडून तयार होतें. अडचण एवढीच झाली कीं तें भांडार मराठीच्या तासाला एका कपाटांत राहिलें आणि इंग्रजीचें पुस्तक दुसऱ्या कपाटांत. मधली भिंत कोणी पाडली नाहीं.

संस्कृताकडे पाहिलें म्हणजे तर ही भिंत किती कृत्रिम आहे हें अधिकच उघड होतें. संस्कृत उपसर्ग आणि इंग्रजीचे हे लहान शब्द यांचें कार्य बव्हंशीं एकच आहे. ‘हृ’ या धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात. धातु एक, पण जेवण कोठें आणि विनाश कोठें! ‘ग्रह’ म्हणजे घेणें. त्यापासून आग्रह, निग्रह, विग्रह, संग्रह आणि अनुग्रह झाले. इंग्रजी ‘टेक’ याचा ‘टेक इन’, ‘टेक ऑन’, ‘टेक ओव्हर’ हा विस्तार याच जातीचा नव्हे काय? ‘अवगत’ हा शब्द तर विशेष पाहण्यासारखा आहे. ‘अव’ म्हणजे खालीं, ‘गत’ म्हणजे गेलेला. पण ‘ही कला त्यास अवगत आहे’ असें म्हणतांना कला खालीं गेली असें कोणी समजत नाहीं. इतकेंच नव्हे, तर वेदांच्या भाषेंत हे उपसर्ग धातूपासून सुटून दूर किंवा धातूच्या मागेंहि येत असत. पाणिनीनें ही सूट वैदिक भाषेपुरती नियमांत नोंदली आहे. इंग्रज ‘पुट आउट द लॅम्प’ म्हणतो, ‘पुट द लॅम्प आउट’ असेंहि म्हणतो. वैदिक ऋषींना ही रचना परकी वाटली नसती.

आणि वादहि जुनाच आहे. उपसर्गाला स्वतंत्र अर्थ असतो कीं नसतो, यावर यास्काचार्यांनीं निरुक्तांत दोन मतें दिलीं आहेत. शाकटायनाच्या मतें उपसर्ग सुटा असतां त्याला अर्थ नसतो. तो दुसऱ्या शब्दाचा अर्थ उजळून दाखवितो. गार्ग्याच्या मतें उपसर्गांना स्वतःचे अनेक अर्थ असतात. आधुनिक पंडितांचा वाद याच दोन टोंकांमध्यें फिरतो. बहुतेक कोश जोडक्रियापदाला एक अखंड शब्द मानून त्याचा अर्थ देतात. ते शाकटायनाच्या बाजूचे म्हणावे. उलट जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, ‘वर’ आणि ‘खालीं’ या शब्दांचे लाक्षणिक अर्थ यदृच्छेनें आलेले नाहींत. वाढ, आनंद, आरोग्य आणि सत्ता यांची कल्पना माणूस ‘वर’ म्हणून करतो. घट, दुःख, आजार आणि पराभव यांची ‘खालीं’ म्हणून. पाण्याचा घडा भरतांना पातळी वर येते, आजारी माणूस आडवा पडतो. अशा देहाच्या अनुभवांतून या कल्पना निघतात. हे गार्ग्याचे दूरचे वंशज होत. विद्यार्थ्याला दोघेहि उपयोगी आहेत: गार्ग्य अर्थ ओळखण्यास, शाकटायन तो लक्षांत ठेवण्यास.

आतां शाळेंत काय झालें तें पाहूं. मुंबई इलाख्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॉवर्ड साहेबांचीं क्रमिक पुस्तकें चालत. मराठींतून इंग्रजी शिकूं पाहणाऱ्यांस तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें पिढ्यान्‌पिढ्या हात दिला. ज्या गांवीं इंग्रजी जाणणारा मनुष्य नव्हता तेथें ती पुस्तकेंच शिक्षक झालीं. नीलकंठ बाबाजी रानडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठा इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला. हे उपकार लहान नव्हेत. दोष पुस्तकांचा नव्हता, त्यांच्या वापराचा होता. परीक्षेच्या धाकानें वर्गांत शब्दांच्या जोड्या पाठ होऊं लागल्या: ‘लुक आफ्टर’, काळजी घेणें, ‘लुक फॉर’, शोधणें, ‘लुक इन्टू’, चौकशी करणें. यादी वाढत जाई, आणि एक पान पाठ होईपर्यंत मागचें पान पुसट होई. कोणतें चित्र मनांत आणलें असतां ‘आंत पाहणें’ म्हणजे ‘चौकशी करणें’ होतें, हें सांगण्यास कोणी थांबत नसे. वास्तविक विहिरींत डोकावून पाहणाऱ्या माणसाचें चित्र दाखविलें असतें तरी पुरे होतें.

परदेशांतहि यावर उपाय शोधले जात होते, आणि त्यांतील एकाची जन्मभूमि हिंदुस्थानच आहे. मायकेल वेस्ट यांनीं ढाक्यास शिक्षकांच्या शिक्षणाचें काम करीत असतां बंगाली मुलांच्या अडचणी अभ्यासिल्या आणि १९२६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें १९५३ सालीं त्यांनीं सुमारें दोन हजार उपयुक्त शब्दांची जी यादी काढली, तींत शब्दाचा कोणता अर्थ किती वेळां आढळतो याचेंहि प्रमाण दिलें. उलट सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं केवळ ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ सुचविली. तींत क्रियापदें अवघीं अठरा. बाकीचें काम हींच क्रियापदें आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखे शब्द एकत्र करून भागवावयाचें. शब्द कमी झाले खरे. परंतु भार नेमका त्या जोड्यांवर पडला, ज्या परकीयांस सर्वांत जड जातात. घराच्या खोल्या कमी केल्या, आणि जिने वाढविले! तात्पर्य, जोडक्रियापदांस वळसा घालून इंग्रजींत शिरण्याचा मार्ग नाहीं. पुढें १९७५ सालीं कावी आणि मॅकिन यांनीं ऑक्सफर्डतर्फे अशा क्रियापदांचा स्वतंत्र कोशच प्रसिद्ध केला, आणि हा विषय पुस्तकाच्या परिशिष्टांतून निघून स्वतंत्र अभ्यासाच्या जागेवर आला.

मग मोहाडीच्या मुलानें हीं क्रियापदें कशीं समजून घ्यावींत? त्याच्या घरींच तिन्ही किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली मूळ चित्राची. पावसाळ्यांत पुराच्या पाण्यानें बांधीची पाळ वाहून जाते; इंग्रज ‘कॅरी अवे’ म्हणतो. वक्त्याच्या भाषणानें श्रोता वाहून जातो. इंग्रज पुन्हां ‘कॅरी अवे’ म्हणतो. दोन्ही भाषांनीं एकच चित्र वापरलें. शेतकरी भारा डोक्यावरून उतरवून घेतो आणि विद्यार्थी फळ्यावरचा मजकूर उतरवून घेतो. इंग्रजींत दोन्हीं ठिकाणीं ‘टेक डाउन’ चालतें. साक्षीदार दिलेला शब्द मागें घेतो, तें ‘टेक बॅक’. मित्र पाठीशीं उभा राहतो, तें ‘स्टँड बाय’. कोशाच्या वस्त्रावरील कांठ उठून दिसतो, तें ‘स्टँड आउट’. कोष्टी तुटलेला धागा जुळवून घेतो आणि शहाणा माणूस शेजाऱ्याशीं जुळवून घेतो. हा दुसरा प्रयोग ज्याला कळतो, त्याला मूळ अर्थावरून लाक्षणिक अर्थाकडे जाण्याची वाट मुळींच अनोळखी नाहीं.

दुसरी किल्ली शब्दाच्या जागेची. ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडीवर धांवत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्यानें उधारी चढवून ठेवली. शब्द तेच, पण पहिल्यांत ‘अप’ हा टेकडीचा सोबती, दुसऱ्यांत क्रियापदाचा. पारख सोपी आहे. नामाच्या जागीं ‘इट’ हें सर्वनाम घालून पाहावें: टेकडीच्या बाबतींत ‘रॅन अप इट’, उधारीच्या बाबतींत ‘रॅन इट अप’. दुसऱ्या ठिकाणीं सर्वनाम मध्यें शिरलें, यावरून क्रियापद आणि ‘अप’ यांचें संसाराचें नातें सिद्ध झालें. आणि उधारी ‘वर’ कां जाते, हें मराठी मुलास विचारण्याचें कारण नाहीं. त्याच्या घरीं कर्ज डोक्यावर ‘चढत’ आलेलेंच आहे.

तिसरी किल्ली सावधपणाची. दोन भाषांचें चित्र नेहमींच जुळत नाहीं. सभा लांबणीवर टाकली तर मराठी माणूस ती ‘पुढें ढकलतो’; इंग्रज ती ‘पुट ऑफ’ करतो, म्हणजे आपल्यापासून दूर सारतो. ‘टेक इन’ याचा एक अर्थ आंत घेणें, दुसरा उमजणें आणि तिसरा फसविणें; मराठी चित्र तिन्हींना पुरत नाहीं. म्हणून अनुमान करावें, पण तें मागल्या-पुढल्या वाक्यावर घांसून घ्यावें. ज्या प्रसंगांत शब्द भेटला तो प्रसंगच अर्थाचा खरा साक्षीदार होय. एकटा शब्द पाठ करणें म्हणजे रोपाचीं मुळें तोडून पऱ्हे लावण्यासारखें आहे. रोवणी होते, पण पीक येत नाहीं.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि भंडारा जिल्हा त्यांत आला. २००० सालापासून राज्याच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. इंग्रजीचा आरंभ लवकर झाला हें चांगलेंच. पण केवळ वर्षें वाढवून ही अडचण सरत नाहीं. ज्या मुलाला आपल्या बोलींतील ‘चढणें’, ‘उतरणें’, ‘वाहून जाणें’, ‘जुळवून घेणें’ यांच्या पोटांतले दुहेरी अर्थ कधीं दाखविलेच नाहींत, त्याला इंग्रजीचे दुहेरी अर्थ जादूटोण्यासारखेच वाटणार. उलट ज्याची मातृभाषा त्याच्यासाठीं जागी केली आहे, तो परकी भाषेंतहि डोळे उघडे ठेवून फिरतो. मराठी आणि इंग्रजी यांच्यांत एकीची वाढ म्हणजे दुसरीची हानि, असा सवता-सुभा मानण्याची संवय आपल्याकडे फार आहे. या लहानशा विषयाचा इतिहास मात्र निराळें सांगतो. मोल्सवर्थ मराठी शिकला तो आपली भाषा विसरून नव्हे, मराठी पंडितांच्या शेजारीं बसून, दोन्ही भाषा एका चौरंगावर मांडून. त्या चौरंगावर मराठी विद्यार्थ्यासहि बसूं द्यावें. ‘गिव्ह अप’ याचा अर्थ त्याला तेथें आपोआप कळेल, आणि तसें करण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.